हवा कापणाऱ्या दोन सायकली

आमच्या सायकल ग्रुपचे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. घरात जुने नट-बोल्ट साठतात तसे ते साठले. टाकवतही नाहीत आणि कुठं बसतही नाहीत!

ग्रुप म्हणजे काही फार मोठा नाही. रविवारी सकाळी हिंगोलीतून निघणारे आम्ही तिघं. डॉक्टर जोगदंड, दातांचे. बालाजीराव, रस्त्यांचे कॉन्ट्रॅक्टर. आणि मी, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. डॉक्टर आणि बालाजीराव दोघंही पुसेगावचे, एकाच वर्गात शिकलेले. आमच्या मागून मोपेडवर पंप, ट्यूब आणि पान्यांची पिशवी घेऊन यायचे सलीमभाई. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, वडिलांपासूनचं.

सगळं बरं चाललं होतं. मग डॉक्टरांनी एरो बाइक आणली.

एरो म्हणजे हवा कापणारी रोड बाइक. हिच्या नळ्या गोल नसतात, पात्यासारख्या चपट्या असतात. ब्रेकच्या वायरीसुद्धा हँडलच्या पोटातून जातात. डॉक्टरांची काळी, तैवानची. पंधरा दिवसांत बालाजीरावांनी पांढरी आणली, इटलीची. कंपन्यांची नावं घेत नाही. भांडण आमच्यात झालं, त्यांच्यात नाही.

* * *

काळी आली त्या दिवशी डॉक्टर ती घेऊन आधी सलीमभाईंच्या दुकानात गेले. मीही होतो. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. नळीचा आकार, चाकांच्या रिमची खोली, वारा समोरून कसा येतो आणि कसा सरकून जातो.

"थोडक्यात सांगायचं तर सलीमभाई, ही हवा कापते!"

सलीमभाईंनी पुढच्या नळीवरून बोट फिरवलं.

"आमी जिंदगीभर हवा भरूनच राहिलो, डॉक्टरसाहेब. आता कापायची बी आली का?"

* * *

पांढरी आल्यावर तुलना सुरू झाली. चहाच्या टपरीवर दोघं आपापले मोबाइल काढून बसायचे. कोणत्या चाकाला हवेचा किती विरोध, कोणती फ्रेम किती ताठ. बायकोनं एकदा मला विचारलं, "यात एवढं काय असतं हो?"

मी म्हटलं, "कळमनुरीला जाईपर्यंत मिनिटभर वाचतं म्हणतात."

"मग त्या मिनिटात काय करता?"

"कुणाचं जास्त वाचलं, यावर तासभर बोलतो!"

ती हसली नाही. त्या दिवशी तिच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं आणि मी टपरीवरून उशिरा आलो होतो.

* * *

एक दिवस दोघांनी मला पंच केलं. "सर, तुमी फिजिक्सचे. तुमीच ठरवा."

मी साधी टेस्ट सांगितली. सेनगाव रोडच्या उतारावरून पायडल न मारता दोघांनी सायकल सोडायची. जी लांब जाऊन थांबेल ती चांगली.

काळी पंधरा-वीस पावलं पुढं गेली. बालाजीराव म्हणाले, "असं न्हाई. सायकली बदलून बघू."

बदलल्या. आता पांढरी पुढं गेली! म्हणजे दोन्ही वेळा पुढं गेले ते डॉक्टर. मी जरा घुटमळलो, मग खरं ते सांगितलं. जड वस्तू हवेला लवकर दाद देत नाही. सायकलींत फरक दिसत नाही, फरक डॉक्टरांच्या पोटाचा आहे.

डॉक्टर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. बालाजीरावही बोलले नाहीत, कारण त्यांच्या सायकलीत फरक दिसत नाही असं मी म्हटलं होतं. माझ्या मुलीची दाढ दुखत होती. तिला घेऊन मी वसमतच्या डॉक्टरकडं गेलो!

* * *

मग डॉक्टरांनी मोबाइलवर कुठंतरी पाहिलं, की कंपन्या धूर सोडून हवा कोणत्या वाटेनं जाते ते बघतात. म्हणून एका रविवारी आम्ही बालाजीरावांच्या शेतात गेलो. धूर काही नीट जमेना. तेव्हा बालाजीरावांनी फवारणीचा ब्लोअर आणला आणि त्यात कांडलेली हळद भरली.

पांढरी स्टँडवर उभी केली आणि समोरून ब्लोअर सोडला. हवेची वाट कुणालाच दिसली नाही. हळद मात्र सगळीकडं दिसली. नळ्यांत, चेनमध्ये, डॉक्टरांच्या दाढीत.

शेतात कामाला आलेल्या बाया हात थांबवून बघत होत्या. एक म्हणाली, "हळद तर लागली. नवरी कोन्ती हाय, सायकल का डॉक्टर?"

बाया हसल्या, आम्हीही हसलो. त्या दिवशी आम्ही तिघं शेवटचे एकत्र हसलो असू. सायकल दुकानात ठेवून आम्ही घरी गेलो आणि सलीमभाई दोन दिवस पाना नि चिंधी घेऊन एकेक बेअरिंग पुसत बसले. सायकल परत मिळाल्यावर बालाजीराव एवढंच म्हणाले, "वास गेला न्हाई."

* * *

हवा कापणाऱ्या सायकलीचं एक आहे. पुढच्या माणसाच्या मागं चिकटून चाललं, तर मागच्याला वारा लागत नाही. मेहनत पुढच्याची, आराम मागच्याला. हे दोघांनाही पाठ झालं होतं.

सेनगावहून परत येताना समोरून वारा सुटला. डॉक्टर पुढं होते. बालाजीराव मागं आलेले दिसताच डॉक्टरांनी वेग कमी केला.

"पुढं व्हय की रे," डॉक्टर म्हणाले.

"तू चाल. मी आलो मागून."

"काहून? फुकटची हवा खायाला?"

बालाजीरावांनीही वेग कमी केला. डॉक्टरांनी आणखी कमी केला. मी त्यांच्या मागं, पाय टेकायच्या बेतात! जगातल्या दोन नामी वेगवान सायकली माणसाच्या चालीनं चालल्या होत्या. एवढ्यात डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक म्हातारी आम्हाला मागं टाकून पुढं गेली. थांबली आणि वळून बघू लागली. पुसेगावचीच होती, दोघांना ओळखत होती.

"पंक्चर झालं का रे लेकरांनो?"

"न्हाई मावशी."

"मंग? शाळेत असतानी तुमी दोघं एका सायकलीवर जायचे ना रे, डबलसीट? एक दमला की दुसरा मारायचा. आता दोन हायेत, तरी पोचून न्हाई राहिले!"

डॉक्टर सरळ निघून गेले. बालाजीराव पाणी प्यायच्या निमित्तानं थांबले. त्यानंतर ते दोघं एका रांगेत कधी चालले नाहीत.

* * *

डॉक्टरांच्या काळीत सीट धरून ठेवणारी एक छोटी पाचर होती. बोटाच्या पेराएवढी. ती तुटली. त्याच कंपनीची हवी, दुसरी बसत नाही. पुण्याच्या शोरूमनं सांगितलं, परदेशातून येईल, थांबा.

दीड महिना झाला तरी आली नाही. सलीमभाई तुटलेले तुकडे खिशात घालून एसटीनं वसमतला गेले. तिथं ओळखीच्या लेथवाल्याकडं दिवसभर बसले. माप घे, घास, परत माप घे. संध्याकाळी पाचर घेऊन आले. बसवली. अशी बसली की डॉक्टर उड्या मारून बघत होते!

पुढच्या रविवारी नांदेडचे काही सायकलवाले भेटले. त्यांनी विचारलं, "पार्ट कुठं मिळाला?"

"पुण्याहून मागवला," डॉक्टर म्हणाले. "असल्या गाडीला लोकल काम चालत न्हाई."

सलीमभाई चार हातांवर मोपेडला टेकून उभे होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडं बघितलं आणि लगेच माझ्या बुटाची लेस बांधायला लागलो.

नांदेडवाले गेल्यावर सलीमभाई जवळ आले. आवाज नेहमीचाच.

"डॉक्टरसाहेब, पुण्याचा पार्ट बराबर बसला ना? काही तकलीफ?"

* * *

बालाजीराव एका फाट्याच्या रस्त्यानं कधीच यायचे नाहीत. आम्ही तिकडं वळलो की म्हणायचे, "तिकडून नको. टायर फाटतं. लय खराब रोड हाय."

डॉक्टर एकदा म्हणाले, "खराब आहे हे खरं. पण केला कुणी?"

केला होता बालाजीरावांनीच. आदल्या वर्षी. त्या दिवशी ते हट्टाला पेटले. "चला, मी जातो पुढं. बघा काय हुतंय."

दोन किलोमीटरवर खड्डा आला. चाक अडकलं आणि बालाजीराव हँडलवरून जाऊन खडीवर आदळले. उजवा खांदा विचित्र दिसत होता. सायकल पलीकडं पडली होती.

डॉक्टर धावले. सायकलीकडं! खाली वाकून त्यांनी फ्रेमवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "क्रॅक हाय. मी म्हणतच हुतो, इटलीचं मटेरियल पातळ असतं."

बालाजीराव पडल्या पडल्या कण्हत होते, "कुठं हाय? कुठं क्रॅक हाय?"

डॉक्टरांना नावं ठेवायचा हक्क मला नाही. मीही आधी क्रॅकच बघितली. आम्ही वळलो तेव्हा सलीमभाईंनी अंगातला शर्ट काढून बालाजीरावांचा हात गळ्यात बांधलेला होता आणि बनियनवर उभे राहून ते येणाऱ्या जीपला हात करत होते.

* * *

आता हा शेवटचा.

बालाजीरावांचा खांदा जुळला. त्यांनी नवी पांढरी आणली आणि नवीन फ्रेम कशी जास्त ताठ आहे, ते सांगायला लागले. त्याच सुमारास गावातल्या एका मंडळानं सायकलस्वारांचा मेळावा घेतला. हॉल भरलेला. स्टेजवर दोन्ही सायकली फुलांचे हार घालून उभ्या. डॉक्टर आणि बालाजीराव खुर्च्यांवर, मध्ये एक खुर्ची सोडून. भाषणं झाली. दोघांनीही पाऊण तास एकमेकांचं नाव न घेता एकमेकांच्या सायकलीला नावं ठेवली.

मग सलीमभाईंचा सत्कार. शाल, नारळ. निवेदक तरुण होता, उत्साही. त्यानं माइक पुढं केला.

"सलीमचाचा, तीन वर्षं झाली, हिंगोलीत एकच वाद चालूये. काळी का पांढरी? या दोन्ही सायकली खोलून बघितलेला माणूस एकच आहे, तुम्ही! आज फैसला होऊन जाऊ द्या. चालवायला कोणती चांगली?"

डॉक्टर पुढं सरकले. बालाजीराव खुर्चीत ताठ झाले. मीसुद्धा, खरं सांगतो, श्वास धरून बसलो.

सलीमभाईंनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. दोन्ही सायकलींकडं नीट बघितलं. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. मग माइकजवळ तोंड नेलं.

"मला काय म्हाईत, बेटा? तीन वर्षांत मला कुनी बसूच दिलं न्हाई."

हॉल हशानं दणाणला! टाळ्या थांबेनात. बालाजीराव डोळे पुसत होते. मीही वाजवल्या. डॉक्टरांनी उठून माइक घेतला, सलीमभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"बघा, आमच्या सलीमभाईंचा सेन्स ऑफ ह्यूमर!"