कमी चाललेली गाडी

आमच्या वहिनीला कुणी "कसं चाललंय?" असं विचारलं, की ती दातांत धरलेली टाचणीही न काढता "चाललंय" एवढंच म्हणायची. त्यापुढं अवाक्षर नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून तिचं शिवणाचं मशीन. पँट आखूड कर, चेन बदल, शर्ट उसवून सैल कर, हे तिचं काम. वजन उतरल्याची फुशारकी मारत पँट बारीक करून नेलेला माणूस थोड्याच दिवसांत तीच पँट सैल करायला घेऊन यायचा. मी फिदीफिदी हसायची, वहिनी हसायची नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

मी तिची नणंद, वरच्या मजल्यावर राहते. माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून दादा मला लहानपणापासून 'ठिणगी' म्हणायचा. त्याच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, तेव्हापासून त्या घरात घड्याळाचं राज्य आलं. सकाळच्या पाळीला वेळेवर पोचलं तर पलंग आपला. उशीर झाला की तो पुढच्याला, आणि आपण वऱ्हांड्यात बसून कुणाची तरी पाळी चुकायची वाट बघायची. भाड्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर दादाची घडीची चाकाची खुर्ची बघितली की "येतो हां" म्हणून जे गायब व्हायचे, ते गायबच. एकदा पाळी हुकली. दादाचे पाय टम्म सुजले, त्याला आडवं झोपता येईना, श्वास पुरेना. त्या दिवशी वहिनी म्हणाली, "बस झालं. आपली गाडी हवी."

छोट्या गाडीत दादाला वाकून बसता यायचं नाही. उंच गाडी हवी, कमरेच्या उंचीची सीट, मागं खुर्ची मावायला जागा. शोधता शोधता एक सापडली. सात सीटची, डिझेलवरची, बारा वर्षांची, पण मीटरवरचा आकडा बघून दादाचे डोळेच विस्फारले. मालक परदेशी मुलाकडं राहायला गेलेला, गाडी शेडमध्ये कापड पांघरून उभी. आत सीटचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"ठिणगे, ही गाडी नाही, लॉटरी आहे लॉटरी," दादा म्हणाला. "चाललेलीच नाही!"

लॉटरी कसली, डोंबल! आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे. तिथला मिस्त्री काम कमी आणि गप्पा जास्त करणारा, पण बॉनेट उघडताच गप्पा सोडून त्यानं बोटानं एकेक दाखवायला सुरुवात केली. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरानं कापूस, कागद, कसली कसली सालं आणून संसार थाटलेला. दोन वायरी कुरतडलेल्या. टायरवर नक्षी नव्यासारखी खोल, पण कडेला बारीक बारीक भेगा. ब्रेकच्या तबकड्यांवर गंज. पाण्याच्या टाकीतलं कूलंट चहाच्या रंगाचं. रबराचा पट्टा बोटानं वाकवला तर त्याच्या खपल्या निघाल्या.

"अहो, पण चाललेली नाही ना!" दादाचा तोच धोशा.

"म्हणूनच," मिस्त्री म्हणाला. "रबर काय किलोमीटर मोजून म्हातारं होतं होय?"

दादाला ते पटलं नाही. वहिनीला लगेच पटलं. तिच्याकडं लोक आजीच्या वेळची शिवणाची मशीनं दाखवायला आणायचे. "एकदाही वापरलं नाही हो, तरी फिरत का नाही?" आणि वहिनी सांगायची, वापरलं नाही म्हणूनच तेल घट्ट झालं. गाडी घेतली, पण तिनं पट्टे, टायर, कूलंट, ब्रेकचं तेल, बॅटरी सगळं बदलून घेतलं. इंजिन ऑइल किलोमीटर झाले नाहीत तरी वर्ष झालं की बदलायचं, हेही डोक्यात पक्कं केलं. त्या वयात ती गाडी शिकली. पहिल्याच दिवशी फाटकाच्या खांबाला आरसा घासला, तर दादा असा विव्हळला की जणू सुई त्यालाच टोचली.

गाडी आली आणि पाळी चुकायची थांबली. पण दादानं नवंच खूळ काढलं. हॉस्पिटल आणि घर, एवढंच. तिसरीकडं गाडी न्यायची नाही. हॉस्पिटल म्हणजे काही लांब नव्हतं, सीट गरम व्हायच्या आत पोचायचो. भाजी आणायला वहिनी दोन्ही हातांना पिशव्या लावून चालत जायची आणि गाडी दारात कापड पांघरून उभी! मी म्हटलं, "दादा, ती गाडी आहे की घरातली नवी नवरी?"

"कमी चाललेली आहे, कमीच चालू दे," तो म्हणायचा. घरी पोचलो की उतरायच्या आधी मान लांब करून मीटर बघायचा. मधल्या दिवशी खुर्चीवरून बाहेर यायचा, गाडीत बसायचा, चावी फिरवायची, थोडा वेळ घुर्र्‌ करायचं आणि बंद. "खोकला काढून ठेवतो तिचा," म्हणायचा. त्याच्या त्या टापटिपीचा मला राग यायचा, आणि कीवही. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं ना त्याच्याकडं.

मग एक पिवळा दिवा लागायला लागला. मिस्त्रीनं आधी वायर बघितली, मग म्हणाला सेन्सर असेल, तोही बदलला. दिवा दोन दिवस विझला आणि पुन्हा लागला. दादा म्हणाला, "लागू दे. दिवाच आहे, खातोय काय?"

आणि एका सकाळी, पाळीला जाताना, चढावर गाडीनं दम सोडला. वहिनी ॲक्सिलरेटर दाबतेय, गाडी आपली बैलासारखी ढिम्म. इंजिन चालू, पण ओढच नाही. मागून हॉर्नचा कल्ला. मी मागं बसलेली, खाली उतरून त्या हॉर्नवाल्यांना असं काही बोलले की ते इथं लिहिता येणार नाही. गोगलगायीच्या चालीनं हॉस्पिटल गाठलं, तेव्हा पलंग गेलेला होता. दिवेलागणीला मधली अर्धवट पाळी मिळाली. तोवर दादा वऱ्हांड्यात बसून होता, ओठ निळसर पडलेले, आणि वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं गाडी नीट तपासली आणि कान खाजवत कबुली दिली. "चुकलं माझं. वायर नाही, सेन्सर नाही. धूर गाळायची जाळी तुंबलीय काजळीनं. इंजिन चांगलं तापलं तरच ती काजळी जळते. तुमची गाडी तापायच्या आतच बंद होते. त्यात हे रोज उभ्या उभ्या चालू-बंद करणं. बॅटरीही उतरते त्यानं. मी आज साफ करून देतो, पण आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्याला घाला. चांगली तासभर पळवा."

"म्हणजे किलोमीटर वाढवायचे?" दादा म्हणाला.

घरी आल्यावर वहिनीचा बांध फुटला. मशीनपुढच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "जपून जपून काल जीव जायची वेळ आली होती. कुणासाठी जपताय एवढी? सांगा ना, कुणासाठी?"

ज्या हातात सुया टोचायचे तो हात दादानं मांडीवर सांभाळून धरला. मग म्हणाला, "तुझ्यासाठी. मी गेल्यावर तू ही विकणार. कमी चाललेली म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. दुसरं काय ठेवून जातोय मी तुला?"

मला रडू आलं आणि त्याला एक सणसणीत लगावून द्यावी असंही वाटलं. वहिनी उठली, आत गेली, चेहरा धुऊन बाहेर आली.

"तुम्ही बसल्या जागी माझी सोय लावताय," ती म्हणाली, "आणि मी एवढ्या वर्षांत तुमच्याबरोबर साधी फिरायला गेलेली नाही. रविवारी जायचं. मिस्त्रीनं सांगितलंय. गाडीसाठी."

गाडीसाठी म्हटल्यावर दादाला नाही म्हणता येईना. स्वतःसाठी म्हटलं असतं तर शंभर कारणं काढली असती.

त्या रविवारपासून ते दोघं निघायचे. टोलनाक्याच्या अलीकडच्या वळणापर्यंत जायचं आणि तिथून परत. टोल भरण्याइतके वेडे आम्ही कुणीच नव्हतो. कधी मी मागं असायची. दादाला पाणी मोजून प्यायचं असायचं, तर त्या वाट्यातला अर्धा कप तो गाडीसाठी राखून ठेवायचा. वळणावर गाडी लावून, काच खाली करून, घोट घोट प्यायचा. वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकून डुलकी काढायची. तिला आठवड्यात तेवढीच झोप निवांत मिळायची, आणि दादा तिला उठवायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसायचा. पुढं पुढं तर वळण मागं पडलं, ते टोलसुद्धा भरायला लागले. मीटरकडं मान लांब करणं कधी सुटलं ते त्याच्याही ध्यानात आलं नाही. पिवळा दिवा पुन्हा लागला नाही.

त्यानंतर दादाची एकही पाळी चुकली नाही. गेला तो पाळी चुकून नाही, थकून गेला. हृदयच थकलं होतं, डॉक्टर म्हणाले. शेवटचा रविवारही गाडीतच झाला.

एवढी मोठी गाडी ठेवून वहिनी एकटी काय करणार? विकायचं ठरलं. एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. टायर बघितले, खाली वाकून तेल गळतंय का बघितलं, बॉनेट उघडलं. अर्ध्या चावीला गाडी सुरू झाली. बाई खूश. मग त्या गृहस्थांनी मीटर बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"गाडी बरीच चाललीय हो. मिस्त्री तर म्हणाला होता, कमी चाललेली आहे."

माझ्या जिभेवर उत्तर तयारच होतं. पण वहिनीनं दातांतली टाचणी काढली आणि मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीला खोचून ठेवली.

"आधी कमी चाललेली होती," ती म्हणाली. "मग आम्ही चालवली. तुम्हीही चालवा. बसवून ठेवू नका तिला."

"ते ठीक आहे. पण मग किंमत थोडी कमी करावी लागेल."

"करा की," वहिनी म्हणाली. "तेवढं आमचं वापरून झालंय."