खांबामागची जागा

भजनाचे फोटो लावून ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हे ठरवण्यात मी दीड वर्ष घालवलं. मुलीसाठी स्थळ पाहतानासुद्धा मी इतकी चौकशी केली नव्हती.

कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या भजनांचे बारा वर्षांचे फोटो माझ्याकडे होते, सगळे रॉ, म्हणजे कच्च्या, फाइलमध्ये. उजेड, रंग मागाहून हवा तसा काढता येतो. पण एकेक फाइल हत्तीएवढी, आणि नाव म्हणून नुसता आकडा. फोटोत कोण आहे, कोणत्या घरचं आहे, हे टॅग म्हणून लिहायचं होतं. ते सांगू शकणारे एकटे काकाच उरले होते. ऐंशीच्या पुढचे, राहायला कुंभकोणमात आमच्याच रस्त्यावर. काकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

दर रविवारी ते येत, खुर्ची ओढून बसत.

"दाखीव. सांगतों."

"थांबा काका, आधी सॉफ्टवेअर ठरू दे."

"सरी, बरं," म्हणत आणि उठून जात.

एक सॉफ्टवेअर टॅग स्वतःच्याच पोटात ठेवायचं. ते सोडलं की नावं गेली. दुसरं प्रत्येक फाइलशेजारी चिठ्ठीसारखी छोटी फाइल लिहायचं. ते मला पटलं, पण माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर ते बैलगाडीसारखं चालायचं. तिसऱ्याला माझ्या कॅमेऱ्याची फाइलच उघडेना. शेवटी फिरून दुसऱ्यावरच आलो.

त्याचं ओझं हलकं करावं म्हणून फोटो निवडायला बसलो. लांबून काढलेले, सगळी मंडळी दिसणारे फोटो काळपट होते. कुणाची पाठ, मध्येच खांब. ते सगळे रद्द केले आणि कचरापेटीही रिकामी केली. दुसऱ्या डिस्कवर प्रती होत्या, तिथेही तीच शिस्त लावली. जवळून काढलेले स्वच्छ चेहरे तेवढे ठेवले. स्वतःवर मी भलताच खूश होतो.

मग काकांना बोलावलं. पहिला चेहरा त्यांनी डोळे बारीक करून पाहिला.

"हा कोण रे?" त्यांनी मलाच विचारलं. "इतक्या जवळून मला कळत नाही. सगळे बसलेले दाखीव. कोण कोणाजवळ बसला ते पाहून सांगतों."

इथल्या आम्हा मराठी मंडळींत भजनाला ज्याची त्याची जागा ठरलेली असते. बापाच्या पश्चात मुलगा तिथेच बसतो. काकांची नजर अधू झालेली, ते माणसं जागेवरून ओळखत. त्याच मंडळीत लहानाचा मोठा झालेल्या मला हे कळायला हवं होतं.

"ते फोटो काढून टाकले, काका."

"सगळे?"

"सगळे."

"तुझी काकू त्यांतच होती रे. कॅमेरा जवळ आला की तोंड फिरवायची. दिव्याजवळच्या खांबामागं बसून टाळी धरायची. तेवढी एकदां पाहावी म्हणून येत होतों."

दर रविवारी त्याचसाठी येत होते, आणि मी त्यांना थांबा म्हणत होतो. मला तेव्हा स्वतःची लाज वाटली, अजून वाटते. पुसलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर मात्र मी निवडत बसलो नाही, मिळेल ते चालवलं. पण वरातीमागून घोडं. डिस्कवर त्या जागी केव्हाच दुसरं काहीबाही लिहिलं गेलं होतं.

पुढच्या रविवारी काका आले. मृदंगवाल्याच्या एका फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. त्याच्या खांद्याशी खांबाची जेमतेम चार बोटं दिसत होती.

"हा तोच खांब. इथं तिचं नाव लिही."

"काकू यात दिसत नाही, काका."

"मागं आहे की. लिही."

मी लिहिलं. आता काकूचं नाव शोधलं की एकच फोटो येतो. त्यात मृदंग आहे, वाजवणारा आहे, आणि कडेला खांब.