सिनेमातला बाप आणि शेजारच्या खुर्चीतला

हे खुर्चीतून खाली घसरत होते आणि अख्खं थेटर पडद्याकडे बघून रडत होतं. मी यांचा हात धरला. एवढ्या गार हवेत हात घामानं निथळत होता. टोपी नाकावर आली होती.

"अवो, काय होतंय?" मी कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"बैल सोड," हे म्हणाले. "ऊन झालं."

बैल विकून आम्हाला बरीच वर्षं झाली होती.

यांची साखर उतरली होती. एकदा लावणीच्या वेळी शेतात असंच झालं होतं. तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, घाम फुटून भलतंच बोलायला लागले की आधी गोड पाजा, मग इकडे आणा. त्या दिवशी संकष्टी होती. यांनी सकाळी साखरेच्या दुखण्याची गोळी नेहमीसारखी घेतली आणि उपासही नेहमीसारखाच धरला. चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, चहासुद्धा नाही. महडच्या गणपतीचं दर्शन झाल्यावर मुलगा म्हणाला, खोपोली इथंच आहे, आई-बापावरचा सिनेमा लागलाय, बघूनच घरी जाऊ.

सिनेमा कसला, शिकवणीच होती. बाप गावाला आजारी, मुलगा शहरात. एवढं मला बसल्याबसल्या कळलं. पण ज्यांनी तो काढला त्यांना काही आमची खात्री वाटेना. बापाला खोकला आला की दिवा विझायचा, दिवा विझला की झाडाचं पान गळायचं, पान गळलं की गाणं, आणि गाण्यातही तेच, बापाला विसरू नका. मग हीरो आमच्याकडे तोंड करून तेच बोलायला लागला. मागं वाजंत्री एवढ्या जोरात की माझा आवाज मलाच ऐकू येईना.

मी पलीकडे बसलेल्या मुलाला हाक मारली. कंपनीत नोकरी करणारा, पोराबाळांचा बाप, रुमालात तोंड घालून रडत होता. त्याच्या दंडावर बुक्की मारली.

"रडतोस काय मेल्या! तुजा बाप हिकडं हाय!"

"व्हय गं आये," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "मला पन लय वाईट वाटतंय." आणि माझा हात थोपटला.

मागच्या बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, रडू नका. सिनेमा हाय तो."

"खड्ड्यात गेला सिनेमा. तुजा थंडा दे आदी."

तिच्या हातातली बाटली मी ओढूनच घेतली. यांच्या ओठाला लावली तर यांनी दात आवळले. "चंद्र," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं. धड शुद्ध नाही, पण उपास बरोबर ध्यानात.

आता काय करावं? तेवढ्यात पडद्यावर बापाच्या खाटेमागची खिडकी आपोआप उघडली आणि तिच्यात परातीएवढा चंद्र आला. बापाची वेळ जवळ आली, हे आम्हाला समजावं म्हणून. संकष्टीचा चंद्र असा पुरा गोल नसतो, पण यांना तेव्हा कुठलं कळतंय!

"त्यो बगा, उगवला!" मी यांची हनुवटी धरून मान वर केली. "प्या आता."

यांनी पडद्याकडे बघून हात जोडले आणि घोट घोट करत थंडा प्यायले. तोवर मुलाच्या पलीकडे बसलेली सून उठून आली. तिनं नवऱ्याच्या हातातला रुमाल काढून घेतला आणि सासऱ्याचं कपाळ पुसलं, तेव्हा कुठे मुलाला उजाडलं. दोघांनी मिळून यांना बाहेर नेलं.

दवाखान्यात बोटाला टोचून साखर बघितली, सलाईन लावलं. संध्याकाळी घरी सोडलं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून एक वडा खाल्ला. उपास माझाही होता.

गाडीत मुलगा म्हणाला, "आये, मला दिसलंच नाय गं."

"कसं दिसंल? त्या सिनेमावाल्यांनी दुसरं काय दिसू दिलं का?"

हे मागं रेलून बसले होते. म्हणाले, "आज चंद्र लय लवकर आला. आन केवढा मोठा!"

सुनेनं तोंडावर पदर धरला. मुलगा रडता रडता हसायला लागला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

सिनेमातल्या बापाचं पुढे काय झालं ते आम्ही बघितलं नाही. आमचे हे वाचले.