दारातली गोधडी

रविवार, नऊ नोव्हेंबर. थंडी पडायच्या आत घरातल्या गोधड्या धुऊन वाळवायच्या, हे आमचं दिवाळीनंतरचं ठरलेलं काम. गच्चीवर तिसरी गोधडी पिळत होते, तेव्हा रुखसारचा फोन आला. रुखसार म्हणजे शकीलाची मुलगी. शकीला, माझी लहानपणापासूनची मैत्रीण, जाऊन पाच आठवडे झाले आहेत. "खाला, शुक्रवारी अम्मीचा चाळिसावा हाय," ती म्हणाली. "अम्मीची गोधडी तिकडे परदेशात भिंतीवर लावली होती ना, तो फोटो धुंडून ठेवा. पाहुण्यायले दाखवू." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तसा फोटो नाही, कारण ती गोधडी कोणत्याच भिंतीवर कधी नव्हती.

शकीला आणि मी देऊळघाटच्या मराठी शाळेत एका बाकावर बसायचो. नववीनंतर तिचं लग्न झालं. मी शिकत राहिले आणि बुलढाण्याला कॉलेजात हिंदी शिकवायला लागले. ती गावातच शिलाई करायची. ब्लाउज मशीनवर, गोधड्या मात्र हातानं. सुई कायम ओढणीला खांद्याजवळ खोचलेली... जेवताना, भांडताना, लग्नात मिरवतानासुद्धा. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मला पोलंडमधल्या एका विद्यापीठात दहा महिन्यांसाठी हिंदीची सहायक शिक्षिका म्हणून बोलावणं आलं. व्याकरण तिथल्या प्राध्यापकबाई शिकवणार, मी मुलांना बोलतं करायचं, असं काम. सराव म्हणून मी शकीलासमोर बसले. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "आता मी गोरी. शिकव मले." मी पंधरा मिनिटं क्रियापदं समजावली. ती टाके घालत ऐकत होती. मग म्हणाली, "तूच बोलून राह्यली व. मी कवा बोलू?" तिकडे गेल्यावर पहिल्या तासानंतर प्राध्यापकबाईंनी फार सौजन्यानं मला नेमकं हेच सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी ती स्वतः शिवलेली गोधडी घेऊन आली. बॅगेचं वजन तेवीस किलो काट्यावर भरलेलं. तिनं माझी दोन जाड पुस्तकं बाहेर काढली आणि गोधडी कोंबली. "पुस्तकं तिकडे भेटतीन. हे भेटन का?"

तिकडचे पहिले तीन-चार महिने जड गेले. नोव्हेंबरपासून दुपारी चारला अंधार. ट्राममध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. विद्यार्थी मला नुसत्या नावानं हाक मारायचे. 'मंगलजी' म्हणा, हे सांगायचा धीर यायला मला महिना लागला. कपडे धुवायचं मशीन तळघरात, आणि आपली वेळ आधी वहीत लिहायची. एकदा मी दुसऱ्याच्या वेळेत कपडे टाकले तर ते ओलेच टेबलावर काढून ठेवलेले मिळाले. पण मी सरावले. प्रत्येक आठवड्याला एक गोष्ट शिकायची, असं ठरवून शिकले. त्या गोधडीचं मात्र मला काही जमलं नाही.

माझ्यासोबत एस्तेर नावाची हंगेरीची संशोधक मुलगी राहायची. तिचं अंथरूण पांढरंशुभ्र, इस्त्री केल्यासारखं. मी बॅग उघडली तेव्हा तिनं गोधडीला हात लावून साध्या कुतूहलानं विचारलं, "ही जुन्या कपड्यांची आहे का?" मी म्हणाले, "छे, सामान गुंडाळायला आणलंय." विचारही करावा लागला नाही, इतकं पटकन तोंडातून गेलं. पहिलं बर्फ पडलं तेव्हा तिनं ओले बूट ठेवायला ती दारात अंथरली. "तुला लागत नाही ना?" मी नाही म्हटलं. खरं सांगायची ती वेळ होती. एका वाक्याचं काम होतं, आणि वाक्यं बोलायला शिकवणं हाच तर माझा पगारी धंदा होता. हिवाळाभर सगळ्यांनी तिच्यावर बूट पुसले. मीही. शनिवारी मी विद्यार्थ्यांना गप्पांचा सराव म्हणून चहाला बोलवायचे. एकानं दाराकडे बोट दाखवून नीट वाक्य जुळवत विचारलं, "मंगलजी, यह क्या है?" मी म्हणाले, "पायदान." त्यानं शब्द वहीत उतरवून घेतला.

त्याच आठवड्यात शकीलाचा फोन. "गोधडी पुरते का व?" मी सांगितलं, प्राध्यापकबाईंना इतकी आवडली की त्यांनी विद्यापीठात भिंतीवर लावली. ती हसत सुटली. "अन् तू काय पांघरते?" जूनमध्ये खोली रिकामी करताना चिखलानं कडक झालेली ती गोधडी मी घडी घालून कचऱ्याच्या पेटीत टाकली. घडी का घातली, ते सांगता येणार नाही.

परत आले तेव्हा शकीलानं चहा पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "आता सांगतो. आतमधी तुह्या मायचं हिरवं लुगडं हाय. आधी सांगतलं असतं तर तू रडत बसली असती." माझी आई गेली तेव्हा तिचे कपडे मीच शकीलाकडे दिले होते, कुठं काय लागलं, मी कधी विचारलं नव्हतं. "पाह्य," ती म्हणाली, "तुही माय बुलढाण्याच्या पुढं नोती गेली कधी. आता बसली भिंतीवर." मी चहा पिऊन टाकला.

पुढे दोन वर्षं ती हे साऱ्यांना सांगायची. लग्नात, दळणाच्या रांगेत. बाया विश्वास ठेवत नसत, तेव्हा मला पुढे करायची : "विचारा हिले." शेवटची भेट दवाखान्यात. सलाईन लावणाऱ्या नर्सलाही ती सांगत होती, "माही गोधडी कुठं हाय, हिले विचारा." नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली... चार दिवसांनी ती गेली.

रविवारी उरलेल्या दोन गोधड्या मी धुतल्याच नाहीत. सोमवारी सकाळी कॉलेजात रजा कळवली आणि सातच्या ऑटोनं देऊळघाटला गेले. रुखसारनं पाहुण्यांसाठी ठेवलेली गोधडी झटकून खाटेवर अंथरली. शकीलानं अर्धवट सोडलेली दुसरी तिनं मांडीवर घेतली. सुई आता तिच्या ओढणीला; ती काढून टाके घालायला लागली. मी फरशीवर बसले.

"वर बसा ना, खाला."

मी आधी सगळं सांगितलं. दार, बूट, वहीतला शब्द, पेटी. लुगडंही. तिचा हात थांबला.

"अम्मीले नाही ना सांगतलं कधी?"

"नाही."

"बरं केलं," ती म्हणाली आणि पुन्हा टाके घालायला लागली. बऱ्याच वेळानं मी उठले. तोपर्यंत तिनं मला पुन्हा वर बसा म्हटलं नाही.