सुरात ठेवलेली बलालायका

शेजारचे काका बोटीवर नोकरीला होते. रशियातल्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी बलालायका आणली. तिकडचं तीन तारांचं, तिकोनी लोकवाद्य. खाऱ्या वाऱ्यानं तारा गंजतात, त्या ते बदलतात आणि रोज सकाळी खुंट्या पिळून सुरात लावतात. वाजवत मात्र कधीच नाहीत. "माका वाजवूक येना नाय," म्हणतात. वाडीतले हसतात.

परवा बलालायकेवरून सुचलेली एक पियानोची रचना मी त्यांना माझ्या स्पीकरवर ऐकवली. काका उठले. भिंतीवरची बलालायका उतरवून त्यांनी स्पीकरपुढे धरली, तान्हं मूल धरावं तशी. रचना थांबली, तरी एक तार आपसूक गुणगुणत राहिली.

"आयकलंस मां गो?" काका कुजबुजले. "सुरात नसती तर गप रवली असती."