दुसरी काच
परवा ड्रॉवर आवरताना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची एक न वापरलेली काच हाती लागली आणि तीस वर्षांपूर्वीचा स्पिरिटचा वास नाकात शिरला. गाझियाबादेत तेव्हा नव्या कॉलन्या उभ्या राहत होत्या आणि ओल्या सिमेंटच्या वासात माझी नवी लॅब नुकतीच सुरू झाली होती. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यात पुढे असणारे एक काका दिल्लीतल्या सरोजिनी नगरहून दोन बस बदलून आले, कानाखालची गाठ दाखवायला. "बाहेर कशाला जायचं? आपलीच मुलगी आहे," म्हणाले. गाठीत बारीक सुई घालून पेशी ओढायच्या आणि काचेवर पसरून तपासायच्या. दोन जागांहून घ्यायच्या, हा नियम. म्हणून मी दोन काचांवर त्यांचं नाव कोरून ठेवलं होतं. पहिल्याच सुईला त्यांनी डोळे गच्च मिटले. "बस ना, बेटा? तशीही फार ठणकते गं ती." साधी गाठ सहसा ठणकत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, "चलो काका, झालं!" आणि एका काचेवर दिसलं तेवढ्यावरून 'साधी गाठ' असं लिहून दिलं. त्यांनी मंडळात पेढे वाटले. पुढच्या गणपतीत आरती म्हणताना त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं होत होतं. गाठ कॅन्सरची निघाली आणि ऑपरेशनला तोवर उशीर झाला होता. परवा ड्रॉवरमध्ये सापडली ती ही त्यांची दुसरी काच. त्या दिवशी त्यांच्यानंतर आलेल्या अनोळखी बाईला मात्र, ती रडत असतानाही, मी नियमाप्रमाणे दोनदा टोचलं होतं.