आषाढातला मफलर

दर गुरुपौर्णिमेला माझा घसा बसायचा, ते साफ खोटं होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एका बाईंना सोडून. पण त्यांच्याकडे येतोच.

मी गाणं शिकवतो. कोथरूडला, सोसायटीतल्या माझ्याच फ्लॅटच्या पुढच्या खोलीत. गुरुपौर्णिमेला आधी सगळे विद्यार्थी गातात आणि शेवटी गुरुजी, अशी रीत. आमच्या क्लासात रीतीचा पहिलाच भाग चालायचा. सोसायटीच्या हॉलमध्ये मी भर आषाढात मफलर गुंडाळून यायचो, घशाकडे बोट दाखवून मान हलवायचो, की झालं. पालक हळहळायचे. कुणी ज्येष्ठमध आणायचं, कुणी काढा. तो काढा मी सगळ्यांसमोर प्यायचो — एवढी शिक्षा तरी नको का?

भीती कसली? तरुणपणी एका मंडळात माझं पहिलं जाहीर गाणं झालं. पहिल्या रांगेत एक आजोबा मांडीवर ताल धरून बसले होते. माझी सम चुकली. तबलजी समेवर, मी अजून वाटेत. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा चुकली तेव्हा आजोबांनी मांडीवरचा हात उचलला, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि खिशात घातला. शिव्या दिल्या असत्या तर विसरलो असतो. पण तो खिशात जाणारा हात — तो कसा विसरायचा?

मग शिकवायला लागलो. खोलीत चार मुलांपुढे मला गाता यायचं. पण तिथेही सवय अशी लागली, की मी एक ओळ म्हणून गप्प. पुढची वाट तुम्ही शोधा. चुकलात? चुका. ऐका, परत म्हणा. आणि मुलं खरंच गायला लागली हो. चिरक्या आवाजाची, लाजरी, आईने ढकलत आणलेली — सगळी मोकळी झाली. ‘सर आपला आवाज मुलांवर लादत नाहीत,’ असं पालक एकमेकांना सांगायचे. ही म्हणे माझी पद्धत. भित्रेपणाला इतकं चांगलं नाव मिळाल्यावर कोण नाकारेल? मी नाकारलं नाही.

सुमनताई पोस्टातून निवृत्त होऊन आल्या. कात्रजहून बस बदलत यायच्या. आवाज असा, की ऐकता ऐकता माझं शिकवायचं राहून जायचं. पण जन्मात चारचौघांत गायल्या नव्हत्या. त्यांची पहिली गुरुपौर्णिमा आली, आणि नाव पुकारायच्या जरा आधी हॉलच्या जिन्यात मला गाठून त्या म्हणाल्या, “सर, माझाही घसा बसला. मी निघते.”

आवाज अगदी खणखणीत. खोट्या घशाची पारख माझ्याइतकी पुण्यात कुणाला असणार? आणि हेही दिसत होतं, की आज गेल्या तर ही बाई पुन्हा गायला उभी राहणार नाही. जाऊ द्यावं? माझी अब्रू तरी शाबूत राहिली असती.

“ताई,” मी म्हणालो, “माझा घसा एकदाही बसलेला नाही. मला भीती वाटते.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “मग आधी तुम्ही गा. माझं नंतर बघू.”

गायलो. मफलर काढून गायलो. आणि सांगायला आनंद वाटतो, की सम चुकली — तीही अगदी पहिलीच. गाता गाता मला हसू आलं. भीतीही वाटत होती आणि मजाही येत होती. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे इतक्या वर्षांत मला कळलंच नव्हतं. टाळ्या भरपूर पडल्या. कारण एक पालक उठून म्हणाले, की घसा बसलेला असताना सर केवळ मुलांसाठी गायले. मी काय केलं? हात जोडले. ते खोटं तिथल्या तिथे दुरुस्त करता आलं असतं. केलं नाही. आजपर्यंत केलेलं नाही.

मग सुमनताई गायल्या. मागे चहा ओतणारी मंडळी किटली तशीच ठेवून पुढे येऊन बसली.

कार्यक्रमानंतर बटाटेवड्याची बशी घेऊन मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आपलं गाणं कसं झालं, हे विचारायचा मोह काही आवरला नाही.

त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला.

“शिकवता मात्र चांगलं,” त्या म्हणाल्या.